एकट्याचं गाणं, एकट्याचा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

स्वतःचं गाणं स्वतःच चित्रित करणाऱ्या किनारपट्टीवरच्या वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. 'कोणता कॅमेरा घेऊ?' असं विचारणारी सगळी पत्रं बाजूला ठेवली. गेल्या चार-पाच वर्षांतला मधल्या किमतीचा फोन पुरतो. व्हिडिओ फसतो तो ओठ न जुळल्यामुळे, नाहीतर समुद्रावर भलत्या वेळी गेल्यामुळे. जास्त जागा त्यालाच दिली आहे.

ब्लूटूथ स्पीकरवर गाणं लावून मी ओठ हलवतो. एडिट करताना मुखडा बरोबर बसतो, पण शेवटच्या अंतऱ्यापर्यंत ओठ गाण्याच्या पुढे निघून जातात. ब्लूटूथचा दोष का?
*एक वाचक, मालवण*

नाही. ब्लूटूथमुळे आवाज थोडा उशिरा येतो, पण तो उशीर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत साधारण तेवढाच राहतो. शिवाय तुम्ही जे ऐकता तेच फोनचा माइकही ऐकतो. तुमच्याकडे अंतर वाढत चाललंय, आणि वाढत जाणारं अंतर दिसलं की आधी फ्रेमरेटवर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम टिपल्या जातात त्यावर, संशय घ्यायचा.

फोनचं मूळ कॅमेरा अ‍ॅप सेकंदाला नेमक्या तेवढ्याच फ्रेम देत नाही. ढग आला, तुम्ही माडाच्या सावलीत सरकलात, की वेग थोडा उतरतो आणि पुन्हा चढतो. फोनवर बघताना काही जाणवत नाही, कारण तिथे प्रत्येक फ्रेम आपापल्या वेळेला दाखवली जाते. एडिटिंगची बरीच सॉफ्टवेअर मात्र फाइल एकाच वेगाची आहे असं गृहीत धरतात. २९.९७ फ्रेमची फाइल ३० ची समजली गेली, एवढंच झालं, तरी चार मिनिटांच्या गाण्यात जवळजवळ पाव सेकंद सरकतो. २५ च्या टाइमलाइनवर त्या सहा फ्रेम झाल्या, आणि सहा फ्रेम कुणालाही दिसतात.

शूट झालेलं वाया घालवू नका. हँडब्रेक हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, फाइल उघडा, व्हिडिओच्या टॅबमध्ये मूळचाच फ्रेमरेट (३० तर ३०) निवडा आणि खाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' करून नवी फाइल काढा. एडिटला तीच वापरा. पुढच्या वेळी ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अ‍ॅप वापरा, तेही फुकट आहे. त्यात २५ फ्रेम आणि १/५० शटर (प्रत्येक फ्रेम उजेड घेते तो वेळ, सेकंदात) कुलूपबंद करता येतं. आयफोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात २५ दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये, रेकॉर्ड व्हिडिओखाली, 'शो पाल फॉरमॅट्स' चालू करा आणि ऑटो एफपीएस बंद करा.

अंतर वाढत नसेल, पण गाणंभर एकसारखं असेल, तर कारण वेगळं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर तुमच्या पायाशी आणि फोन ३०-३५ मीटर लांब असेल तर फोनपर्यंत गाणं १/१० सेकंद उशिरा पोचतं. आवाजाच्या आलेखावर क्लिप जुळवली की ओठ अडीच फ्रेम आधी हलताना दिसतात. क्लिप दोन-तीन फ्रेम उजवीकडे ढकला, काम झालं.

डोळ्यांनी तपासताना अख्खी ओळ बघत बसू नका. प, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांवर जा. ओळीत 'माड' किंवा 'भरती' असा शब्द शोधा, तिथे ओठ पूर्ण मिटलेली फ्रेम येतेच. 'भ'साठी ओठ सुटतात ती फ्रेम आणि आलेखातला 'भ'चा उठाव एकाखाली एक आले की ती ओळ जुळली. मुखड्यात एक, मधल्या अंतऱ्यात एक आणि शेवटी एक अशी तीन ठिकाणं तपासली तर पुरे. ढोलकी वाजवताना दाखवणार असाल तर जरा कडक राहा. हात पुडीवर आदळण्याआधी थाप ऐकू आली तर एका फ्रेमचीही चूक खटकते. आवाज फ्रेमभर मागे असेल तर मात्र खपून जातं, कारण लांबचा आवाज उशिरा येणं कानांच्या सवयीचं असतं.

मी एकटीच असते. फोन चालू करून जागेवर धावत जाईपर्यंत मुखडा संपलेला असतो, आणि पोचल्यावर फोकस भलत्याच ठिकाणी. काय करावं?
*एक वाचक, गुहागर*

गाण्याची मूळ फाइल शूटला वापरूच नका. शूटसाठी वेगळी 'वाजवण्याची फाइल' बनवा. सुरुवातीला २० सेकंद शांतता, मग गाण्याच्या लयीत चार ठोके, मग गाणं. २० सेकंदांत माणूस फोनपासून जागेवर जातो, पदर-केस सावरतो, श्वास घेतो. अशीच एकेक फाइल प्रत्येक अंतऱ्यासाठी करा. गाणं अंतऱ्याच्या दोन ओळी आधीपासून सुरू व्हावं, म्हणजे चेहऱ्यावरचा भाव आधीच जागेवर आलेला असतो. घरी तासाभराचं काम आहे हे, आणि किनाऱ्यावरची निम्मी धावपळ यानेच वाचते.

चौथ्या ठोक्यावर कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा. लाटांचा आणि वाऱ्याचा आवाज एवढा असतो की एडिटिंगमधली आवाजावरून आपोआप जुळवण्याची सोय हात टेकते. टाळीची फ्रेम मात्र डोळ्यांना दिसते. टाळी ढोबळ जुळवणीला, ओष्ठ्य वर्ण बारीक जुळवणीला.

फोकससाठी तुमच्या उंचीची काठी हवी. ती उभं राहण्याच्या जागी रोवा, वरच्या टोकाला एखादं छापील कापड बांधा (साध्या पांढऱ्या कापडावर फोकस घुटमळतो), फोनवर त्या कापडावर बोट दाबून धरा आणि फोकस-एक्स्पोजर लॉक झाल्याचं चिन्ह आलं की काठी काढून त्याच भोकाच्या जागी उभ्या राहा. जागा पायाने रेघ मारून ठेवू नका, रेघ चित्रात दिसते. वाळूतला एक शिंपला पुरतो. उजेड कापडावर नाही तर चेहऱ्यावर बरोबर हवा, म्हणून एक्स्पोजर लॉक केल्यावर दहा सेकंदांचा नमुना घेऊन बघा. गोरा-सावळा, कापड पांढरं-गडद, यात फरक पडतो.

संपूर्ण गाण्याचे टेक किती घ्यावेत? एका ठिकाणी तीन : पूर्ण उभी आकृती, कमरेपासून वर, आणि चेहरा. फोर-के मध्ये शूट करून व्हिडिओ १०८० मध्ये करणार असाल तर कमरेपासूनच्या टेकमधून कापून चेहऱ्याचा शॉटही निघतो, पण दुपटीच्या पुढे मोठं करू नका. त्याच दुपटीच्या मर्यादेत हळूहळू आत जाणारी हालचालही एडिटमध्ये करता येते, गिंबल (कॅमेरा न हलता फिरवायचा दांडा) धरायला दुसरा माणूस नसला तरी चालतं. दोन ठिकाणं, सहा टेक, चार मिनिटांचं गाणं : २४ मिनिटं. फोर-के ला मिनिटाला ३५० एमबी धरले तर साडेआठ जीबी. निघण्यापूर्वी फोनमध्ये २० जीबी रिकामे करा.

आणि गाताना खरंच गा, पूर्ण आवाजात. नुसते ओठ हलवले की गळ्याच्या शिरा, छाती, भुवया काहीच हलत नाही आणि ते लगेच ओळखू येतं.

समुद्र मागे घेतला की चेहरा काळा पडतो. चेहरा नीट दिसावा तर समुद्र पांढराफटक. कुठली वेळ चांगली?
*एक वाचक, आंजर्ले*

आपल्याकडे सूर्य सह्याद्रीवरून उगवतो आणि समुद्रात बुडतो, एवढ्यावरच सगळा हिशेब आहे. संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभे राहिलात तर सूर्य तुमच्या मागे, चेहरा अंधारातच राहणार. ती वेळ काळ्या आकृत्यांची, चालत जाण्याची, होडीच्या शॉटची. ओठ दिसायचे टेक सकाळी घ्या. तोंड गावाकडे, ऊन चेहऱ्यावर, मागे निळा समुद्र. किनाऱ्यामागे सुरूचं बन किंवा डोंगर असेल तर ऊन पुळणीवर उशिरा पोचतं. आदल्या दिवशी जाऊन ते किती वाजता पाण्याच्या रेघेपर्यंत येतं ते बघून ठेवा. तिथून पुढचा तास-दीड तास तुमचा. दहानंतर डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली काळ्या सावल्या पडतात, मग थर्माकोलचा पांढरा ताव छातीच्या उंचीवर टेकवूनही फारसं भागत नाही. मळभ असेल तर मात्र दिवसभर चालतं, आणि समुद्राचा करडा रंग तर काही गाण्यांना उन्हापेक्षा शोभतो.

वेळ ठरवताना भरती-ओहोटी घ्याच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, हा जुना हिशेब अजून कामाचा आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पंचांगात अमावास्या ३० लिहिलेली असते, हिशेबाला ती १५ धरायची. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळांना तोच आकडा, आणि ओहोटी त्यानंतर सुमारे सहा तासांनी. अर्ध्या तासाची चूक धरून चाला आणि जवळच्या बंदराच्या भरतीच्या तक्त्यावर ताडून बघा.

याचा चित्राला उपयोग असा : पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पण पूर्ण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास येते. तेव्हा पाणी खूप आत गेलेलं असतं आणि मागे रुंद ओली पुळण उरते, तीत आकाशाचं प्रतिबिंब पडतं. सूर्यास्ताचा शॉट हवा तर हेच दिवस धरा. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी चढउताराच्या दिवसांत, पाणी फार आत जात नाही आणि सूर्यास्ताला भरती असते. उभं राहायला कोरड्या वाळूचा पट्टा तेवढा उरतो.

उधाणाच्या दिवशी पाणी चढत असताना एकट्याने शूट करू नका. पाठ समुद्राकडे, कानात गाणं, लक्ष कॅमेऱ्याकडे : मागून येणारी मोठी लाट ऐकू येत नाही. पावसाळ्यात तर समुद्रापासून लांब, सड्यावरच शूट करा. कातळावर फुलं आलेली असतात, मागे तोच समुद्र दिसतो.

एनडी फिल्टरबद्दलही (लेन्ससमोर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) विचारलंय. भर उन्हात आयएसओ ५०, शटर १/५० आणि फोनची एफ १.८ ची काच असेल तर चित्र सहा स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) जास्त उजळतं, म्हणजे एनडी ६४ लागतो. बाजारातले स्वस्त फिरते एनडी पाच स्टॉपच्या पुढे फिरवले की चित्रावर काळी फुली उमटते. फिल्टर नसेल तर शटर १/३२०० च्या आसपास होऊ द्या. लाटा जराशा तुटक दिसतील, एका जागी उभ्या असलेल्या गायकाचं काही बिघडणार नाही. त्यासाठी पैसे घालण्यापेक्षा सकाळी लवकर उठा.

ट्रायपॉड टेकच्या मध्येच कलतो. आणि घरी आल्यावर काचेवर पुसट पडदा दिसतो.
*एक वाचक, देवगड*

ओल्या वाळूत लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेते. तिन्ही पायांखाली वीतभर रुंदीचे प्लायवूडचे तुकडे ठेवा आणि मधल्या हुकाला कापडी पिशवीत दगड भरून लटकवा. पिशवी जमिनीला जेमतेम टेकलेली हवी, अधांतरी राहिली तर वाऱ्याने झोके घेते आणि कॅमेराही हलवते.

पडदा मिठाचा आहे. कोरड्या कापडाने घासू नका, खाऱ्या वाऱ्याबरोबर आलेले वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअरने हवा मारा (तोंडाने फुंकू नका, थुंकी उडते), मग गोड्या पाण्याने किंचित ओलसर केलेलं मऊ कापड, मग कोरडं. टेकच्या मध्येही दर अर्ध्या तासाने काच उजेडाकडे धरून बघा. पडदा आला की सगळं चित्र धुकट होतं आणि एडिटमध्ये तो पूर्ण जात नाही. वेगळा कॅमेरा आणि लेन्स असतील तर पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी येते. तांदळात ठेवायच्या फंदात पडू नका, त्याची भुकटीच आत जाते.

ओटीवर ट्यूबच्या उजेडात शूट केलं तर चित्रावर काळ्या पट्ट्या सरकतात.
*एक वाचक, सावंतवाडी*

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोन ३० फ्रेम आणि १/६० शटरवर असेल तर ते जुळत नाही. २५ फ्रेम आणि १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्ट्या जातील. तरीही राहिल्या तर दिवा बदला, स्वस्त एलईडी कुठल्याही शटरला दाद देत नाहीत.

खरं तर दिवसा ट्यूब बंदच करा. पडवीच्या उघड्या बाजूला कुशी करून बसा, चेहऱ्याची एक बाजू उजेडात आणि दुसरी माजघराच्या अंधाराकडे. दुसरी बाजू फारच काळी पडली तर दोन हात अंतरावर पांढरी चादर वाळत घाला. खळ्यात ऊन असेल तर सारवलेल्या जमिनीवरून तांबूस उजेड वर चेहऱ्यावर येतो. तो नको असेल तर पुढ्यातही चादर अंथरा, चौकटीबाहेर.

हळुवार चालताना गातोय, पण ओठ गाण्याशी जुळलेत, असे शॉट कसे काढतात?
*एक वाचक, रत्नागिरी*

गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, ५० फ्रेमवर शूट करायचं (शटर १/१००), आणि एडिटमध्ये निम्म्या वेगाने २५ च्या टाइमलाइनवर टाकायचं. चाल मंद होते, ओठ मूळ गाण्यावर बसतात. दुप्पट वेगात शब्द तोंडात बसवायला सराव लागतो आणि मुळातच द्रुत गाण्याला हे जमत नाही. मला त्याहून आवडणारा प्रकार म्हणजे गाणं १.२ पट, शूट ३० फ्रेमवर, टाइमलाइन २५. मंदपणा नुसता जाणवतो, पण नेमकं काय केलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही. अख्ख्या गाण्यात एकच अंतरा असा ठेवा.

किल्ल्यावर आणि ड्रोनने शूट करायला परवानगी लागते का?
*एक वाचक, विजयदुर्ग*

लागते. विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले आहेत. हातातल्या फोनकडे कुणी बघत नाही, पण ट्रायपॉड, स्पीकर आणि पोशाख म्हटलं की ते चित्रीकरण झालं, त्यासाठी खात्याच्या मुंबई मंडळाकडे आधी अर्ज हवा. वेळ नसेल तर किल्ला लांबून, समोरच्या किनाऱ्यावरून मागे घ्या. तो तसाच जास्त चांगला दिसतो.

ड्रोनसाठी २०२१ चे नियम लागू आहेत. डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा बघा. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत चालतं, विमानतळाच्या ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय नाही. चिपी विमानतळाच्या आसपासच्या गावांनी हे लक्षात ठेवावं.

एक गोष्ट कुणी विचारली नाही, तरी सांगतो. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पिल्लं बाहेर पडतात. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. त्या दिवसांत रात्री पुळणीवर दिवे लावून शूट करू नका.

जुनं कोळीगीत आणि गावातलं जाखडीचं एक गीत नव्याने गायलंय. दोन्ही पारंपरिक आहेत. व्हिडिओ टाकला तर अडचण येईल का?
*एक वाचक, चिपळूण*

सगळ्यांना पाठ असलेलं गाणं पारंपरिकच असतं असं नाही. लोकप्रिय कोळीगीतांपैकी कित्येकांचे गीतकार-संगीतकार माहीत आहेत. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. मूळ गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षांनी कव्हर करण्याची कायदेशीर वाट आहे (कलम ३१ सी), पण ती नुसत्या ध्वनिमुद्रणापुरती, रॉयल्टी आधी भरून. त्याला चित्र जोडायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी वेगळी लागते. ती नसेल तर यूट्यूबवर दावा येतो. मग जाहिरातीचे पैसे त्यांना जातात, नाहीतर व्हिडिओच बंद होतो.

जाखडीच्या गीताचं शेवटचं कडवं नीट ऐका. जाखडीतल्या शक्ती आणि तुरा या दोन पक्षांच्या शाहिरांनी अनेकदा स्वतःचं किंवा गुरूचं नाव तिथे गुंफलेलं असतं. नाव सापडलं तर शाहिराच्या घरी जा, साध्या कागदावर संमती घ्या आणि व्हिडिओखाली नाव लिहा. नाव नाही आणि गावात कुणालाच कर्ता माहीत नाही, तर गाणं घ्या, पण चाल गावातल्या माणसांच्या तोंडून उचला, कुठल्या कॅसेटवरच्या वाद्यमेळावरून नको. तो वाद्यमेळ कुणाचा तरी आहे.

फोनवर झकास दिसणारा व्हिडिओ यूट्यूबवर गेल्यावर लाटांच्या जागी चौकोन दिसतात.
*एक वाचक, वेंगुर्ला*

लाटा, पाऊस, वाऱ्यावर हलणाऱ्या झावळ्या यांत प्रत्येक फ्रेम आधीच्या फ्रेमहून वेगळी असते, त्यामुळे आकुंचन करताना डेटा पुरत नाही. बसून गाणाऱ्या माणसाला पुरणारा डेटा समुद्राला कमी पडतो. दोन उपाय आहेत. एक्स्पोर्ट करताना १०८० साठी यूट्यूब सांगतं त्या ८ एमबीपीएसवर (सेकंदाला इतके मेगाबिट डेटा) थांबू नका, २० ठेवा. आणि शक्य असेल तर १०८० चा व्हिडिओ २१६० (फोर-के) करून, ४० एमबीपीएसने चढवा. मोठ्या आकाराला यूट्यूब जास्त डेटा देतं, आणि फोनवर बघणाऱ्यालाही त्याचा फायदा मिळतो. आवाज ४८ किलोहर्ट्झ, एएसी, ३८४ केबीपीएस. चढवल्यावर लगेच धुरकट दिसलं तर घाबरू नका, मोठ्या आकाराची प्रक्रिया उशिरा पूर्ण होते. तोवर व्हिडिओ अनलिस्टेड ठेवा आणि मगच जाहीर करा.

एडिट करणाऱ्या मित्राला क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या होत्या का, तेही तपासा. व्हिडिओ म्हणून पाठवल्या असतील तर चौकोन तिथेच तयार झालेत. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, किंवा पेनड्राइव्ह घेऊन एसटीने जा.